चेंडू गमावल्यानंतरची पाच सेकंदं: फुटबॉल संघाने झडप घालावी की मागे हटावं?

२ जुलै २०१८. रशियातलं रोस्तोव्ह-ऑन-डॉन शहर. फुटबॉल विश्वचषकाच्या बाद फेरीत बेल्जियम आणि जपान २-२ असे बरोबरीत होते. नव्वद मिनिटं कधीच संपली होती आणि भरपाई वेळेचीही शेवटची काही सेकंदं उरली होती. तेवढ्यात जपानला कॉर्नर मिळाला.

केइसुके होंडाने चेंडू गोलसमोर मारला. बेल्जियमचा गोलरक्षक थिबो कोर्त्वा याने तो अलगद झेलला आणि लगेच केव्हिन डी ब्रुइनच्या दिशेने घरंगळत सोडला. डी ब्रुइन मैदानाच्या मधून सुसाट निघाला. त्याने उजवीकडे थॉमस म्युनिएला पास दिला, म्युनिएने चेंडू आत ढकलला, रोमेलू लुकाकूने त्याला पाय न लावता तो तसाच पुढे जाऊ दिला आणि मागून आलेल्या नासेर चाडलीने गोल केला. बेल्जियम ३, जपान २. सामना तिथेच संपला.

याच सामन्यात ५२व्या मिनिटाला जपान २-० ने पुढे होता. विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी जपानने तोपर्यंत कधीही गाठली नव्हती. ती संधी कॉर्नरपासून गोलपर्यंतच्या साधारण १४ सेकंदांत निसटली. जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेने पुढे याच १४ सेकंदांवर एक अख्खा माहितीपट केला.

जपानचं नेमकं कुठे चुकलं? शेवटच्या क्षणी गोलसाठी प्रयत्न करणं काही गुन्हा नाही. कोर्त्वाच्या हातात चेंडू गेल्यानंतर काय करायचं, हा खरा प्रश्न होता. आजच्या फुटबॉलमध्ये प्रशिक्षक ज्या गोष्टींवर सर्वांत जास्त डोकं खाजवतात, त्यातली ही एक आहे: चेंडू गमावल्यावर पुढच्या काही सेकंदांत संघाने काय करावं?

तो क्षण इतका महत्त्वाचा का?

फुटबॉलच्या सामन्याचे ढोबळमानाने चार भाग पडतात. चेंडू आपल्याकडे आहे, चेंडू समोरच्या संघाकडे आहे, चेंडू आपण नुकताच मिळवला आहे आणि चेंडू आपण नुकताच गमावला आहे. पहिल्या दोन अवस्थांत दोन्ही संघ आपापल्या जागी असतात. गडबड होते ती शेवटच्या दोन अवस्थांत.

याचं कारण सोपं आहे. हल्ला करताना संघ पसरतो. दोन्ही बगलांचे बचावपटू पुढे जातात, मधल्या फळीतले खेळाडू गोलच्या दिशेने सरकतात, खेळाडूंमधलं अंतर वाढतं. गोल करायचा तर हे करावंच लागतं. पण नेमक्या याच वेळी चेंडू गेला, तर मागे मोठी मोकळी जागा उरते. समोरच्या संघाला बचाव भेदायची गरजच पडत नाही, कारण बचाव अजून उभाच राहिलेला नसतो.

मात्र या क्षणाला दुसरी बाजूही आहे. ज्याने चेंडू मिळवला, तोही काही क्षण अडचणीत असतो. चेंडू हिसकावताना त्याचा तोल गेलेला असतो, नजर खाली असते, साथीदार कुठे आहेत हे त्याने पाहिलेलं नसतं. त्याचे साथीदारही बचावाच्या जागी, एकमेकांच्या जवळ उभे असतात. त्याला मान वर करून पहिला चांगला पास द्यायला दोन-तीन सेकंद लागतात.

म्हणजे दोन्ही संघ एकाच वेळी विस्कळीत असतात. आधी कोण सावरतं, यावर पुढचं सगळं ठरतं.

पहिला मार्ग: जिथे गमावला तिथेच झडप

चेंडू गेल्या गेल्या मागे न पळता, तिथल्या तिथे समोरच्यावर तुटून पडायचं, या पद्धतीला जर्मन भाषेत ‘गेगेनप्रेसिंग’ म्हणतात. इंग्रजीत त्यालाच ‘काउंटर प्रेसिंग’ असं नाव आहे. समोरचा संघ प्रतिहल्ला करणार, त्या प्रतिहल्ल्यावरच हल्ला चढवायचा, असा त्याचा साधा अर्थ.

लांबून पाहिलं तर चार-पाच जण चेंडूमागे धावताहेत असं वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येकाचं काम वेगळं असतं.

चेंडूच्या सर्वांत जवळ असलेला खेळाडू थेट चेंडूवाल्याकडे झेपावतो. चेंडू हिसकावता आला तर उत्तमच, पण त्याचं पहिलं काम असतं समोरच्याला मान वर करू न देणं. आसपासचे दोन-तीन खेळाडू चेंडूकडे धावत नाहीत. जवळचा पास जिथे जाऊ शकतो, त्या वाटा ते बंद करतात. उरलेले खेळाडू पुढे सरकून मधली मोकळी जागा कमी करतात, म्हणजे घाईत मारलेला चेंडू त्यांच्याच पायात येतो.

यातला एक जण जरी मागे राहिला तरी जाळ्याला भोक पडतं. तीन जण झडप घालतात आणि दोघे मागे पळतात, तेव्हा या दोन गटांच्या मधोमध मोठी पोकळी तयार होते. अशी अर्धवट झडप घालण्यापेक्षा सगळ्यांनी मागे हटलेलं बरं.

झडप जमली की काय होतं, याचं एक गाजलेलं उदाहरण ७ मे २०१९ चं आहे. चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत लिव्हरपूल पहिला सामना बार्सिलोनाकडून ३-० ने हरला होता. अॅनफिल्डवरच्या दुसऱ्या सामन्यात ५४व्या मिनिटाला लिव्हरपूलच्या ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्डने उजव्या बगलेत चेंडू गमावला. तो मागे वळला नाही. त्याने जॉर्डी आल्बाकडून तो लगेच परत मिळवला आणि चेंडू आत मारला. जॉर्जिनियो वाईनाल्डमने गोल केला. दोनच मिनिटांनी त्याने आणखी एक गोल केला. लिव्हरपूल तो सामना ४-० ने जिंकला आणि पुढे स्पर्धाही.

त्या संघाचे प्रशिक्षक यर्गन क्लॉप यांचं म्हणणं होतं की, चांगल्या गेगेनप्रेसिंगमधून ज्या संधी मिळतात, त्या जगातला कुठलाही प्लेमेकर देऊ शकत नाही. कारण चेंडू परत मिळतो तो समोरच्याच्या गोलजवळ, आणि तेही समोरचा संघ नुकताच हल्ल्यासाठी उघडा पडू लागलेला असताना.

ही कल्पना आली कुठून?

गेगेनप्रेसिंगचं नाव क्लॉप यांच्याशी जोडलं गेलं असलं, तरी तिची मुळं जुनी आहेत. १९७४ च्या विश्वचषकात रीनुस मिखेल्स यांचा नेदरलँड्सचा संघ चेंडूवाल्याला घोळक्याने घेरताना जगाने पाहिला. १९८० च्या दशकात सोव्हिएत युक्रेनमध्ये वॅलेरी लोबानोव्स्की यांच्या डायनामो कीव्हने आणि इटलीत अरिगो साक्की यांच्या एसी मिलानने संपूर्ण संघ एकत्र सरकवण्याचं तंत्र विकसित केलं. साक्कींच्या मिलानने १९८९ आणि १९९० असा सलग दोनदा युरोपियन कप जिंकला.

याच काळात जर्मनीतल्या एका छोट्या क्लबकडून खेळणारे राल्फ रँगनिक डायनामो कीव्हविरुद्ध सराव सामना खेळले. समोरच्या संघाने इतकं घेरलं की त्यांच्याकडे एखादा खेळाडू जास्त तर नाही ना, अशी शंका येऊन त्यांनी खेळाडू मोजले, अशी आठवण रँगनिक यांनी पुढे सांगितली आहे. प्रशिक्षक झाल्यावर त्यांनी स्वतःचा नियम केला: गमावलेला चेंडू आठ सेकंदांत परत मिळवा.

स्पेनमध्ये पेप गार्डिओला यांच्या २००८ ते २०१२ मधल्या बार्सिलोनाने हीच कल्पना वेगळ्या अंगाने वापरली. त्यांची मुदत साधारण पाच सेकंदांची. तेवढ्यात चेंडू मिळाला नाही, तर मागे येऊन रचना करायची.

पाच सेकंदांत चेंडू नाही मिळाला तर?

पाच काय, सहा काय, आठ काय, आकड्यात जादू नाही. झडपेला शेवट असतो, हे त्यातून खेळाडूंच्या डोक्यात पक्कं बसवायचं असतं. समोरच्या खेळाडूने चेंडू नीट ताब्यात घेतला, मान वर केली आणि त्याच्यासमोर मोकळी जागा असली, की संधी संपली. त्यानंतरही धावत राहणारा खेळाडू स्वतःच्याच संघाला अडचणीत आणतो.

इथून दुसरं काम सुरू होतं, ते वेळ काढण्याचं. चेंडूच्या जवळचा बचावपटू टॅकल करायला झेपावत नाही. तो समोरच्याच्या पुढ्यात राहून हळूहळू मागे सरकतो आणि त्याला मधून न जाऊ देता बगलेकडे ढकलतो. बाजूची रेषा हीसुद्धा एक प्रकारे बचावपटूच असते. दरम्यान बाकीचे खेळाडू मागे पळतात आणि आधी गोलसमोरचा मधला भाग भरून काढतात. गोल बहुतेक वेळा तिथूनच होतो.

मग फाउल करून हल्ला थांबवला तर? असे फाउल होतात आणि बरेच होतात. पण आशादायक हल्ला रोखणाऱ्या फाउलला पिवळं कार्ड आहे, आणि गोलची स्पष्ट संधी हिरावली तर लाल. दहाव्या मिनिटाला घेतलेलं पिवळं कार्ड उरलेल्या ऐंशी मिनिटांत त्या खेळाडूचे हात बांधून टाकतं.

दुसरा मार्ग: थेट मागे या

प्रत्येक संघाने झडपच घालावी, असा काही नियम नाही. क्लॉडिओ रानिएरी यांच्या लेस्टर सिटीने २०१५-१६ मध्ये प्रीमियर लीग जिंकली, ती मागे दाटीवाटीने उभं राहून आणि जेमी वार्डीच्या वेगावर प्रतिहल्ले करून.

२०२२ च्या कतार विश्वचषकात मोरोक्को हा उपांत्य फेरी गाठणारा पहिला आफ्रिकी देश ठरला. वालिद रेग्रागी यांच्या या संघावर उपांत्य फेरीपर्यंत फक्त एक गोल झाला होता, आणि तोही स्वयंगोल. स्पेनने त्यांच्याविरुद्ध हजारहून अधिक पास दिले, पण १२० मिनिटांत एकही गोल करता आला नाही. पेनल्टी शूटआउटमध्ये मोरोक्को ३-० ने जिंकला.

मागे येण्याचा हिशेब वेगळा असतो. तुमचे बचावपटू वेगवान नसतील, समोरच्याकडे लांब पास अचूक देणारे खेळाडू असतील, तुम्ही आघाडीवर असाल, किंवा चेंडू गेला तेव्हा आसपास तुमचा एकच खेळाडू असेल, तर एकट्याने झडप घालण्यात अर्थ नसतो. पाच यार्डांवर तिघे असतील तर झडप, नाहीतर माघार, असा साधा निकष अनेकदा पुरतो.

दोन्ही मार्गांनी स्पर्धा जिंकता येतात. अकरा जणांनी एकाच वेळी दोन वेगवेगळे मार्ग धरले, तर मात्र धडगत नसते.

खरं उत्तर चेंडू जाण्याआधीच ठरतं

चेंडू गेल्यानंतर विचार करायला वेळच नसतो. म्हणून आजचे प्रशिक्षक हल्ला आखतानाच एक प्रश्न विचारतात: इथे चेंडू गेला, तर आपण कुठे उभे असू? या मांडणीला ‘रेस्ट डिफेन्स’ म्हणतात. म्हणजे हल्ला सुरू असताना मागे कोण आणि कसं थांबणार, याची आधीच केलेली व्यवस्था.

आपला संघ नीट रचला जाण्यासाठी आधी साधारण १५ पास व्हायला हवेत, अशी गार्डिओला यांची धारणा आहे. हे पास गोलसाठी नसतात. त्यांच्यामुळे संघ एकत्र पुढे सरकतो, खेळाडू एकमेकांच्या जवळ राहतात आणि चेंडू गेलाच तर झडप घालायला चार जण शेजारीच असतात. २०२२-२३ मध्ये तीन मोठे किताब जिंकणाऱ्या त्यांच्या मँचेस्टर सिटीत जॉन स्टोन्स हा बचावपटू चेंडू आपल्याकडे असताना मधल्या फळीत जायचा. त्यामुळे पास द्यायला एक जण वाढायचा आणि चेंडू गेला तर प्रतिहल्ल्याच्या वाटेवर एक बचावपटू आधीच उभा असायचा.

आता रोस्तोव्हकडे पुन्हा पाहू. गोलरक्षकाच्या हातातला चेंडू हिसकावता येत नाही. त्याला चेंडू सोडताना अडवणंही नियमात बसत नाही. त्यामुळे तिथे गेगेनप्रेसिंगला वावच नव्हता. पण चेंडू ज्याच्याकडे जाणार, त्याच्या वाटेत उभं राहता आलं असतं. जपानचे बरेच खेळाडू गोलसमोर गेले होते आणि डी ब्रुइन मैदानाच्या मधोमध, कुणाच्याही अडथळ्याविना वेग घेऊ शकला. जपानचा खेळाडू त्याच्यासमोर आला, तोवर उजवीकडे आणि डावीकडे बेल्जियमचे खेळाडू मोकळे धावत होते. त्या चालीत खेळाडूंनी केलेल्या चुकांपेक्षा कॉर्नर घेण्याआधीची मांडणी जास्त महागात पडली.

या खेळाची किंमत काय?

गेगेनप्रेसिंग शरीराला पिळून काढतं. छोट्या, पूर्ण वेगाच्या धावा नव्वद मिनिटं सतत करणं कुणालाच जमत नाही. २०२० पासून तीनऐवजी पाच बदली खेळाडूंची मुभा मिळाली आणि २०२२ मध्ये हा नियम कायमचा झाला. त्याचा फायदा अशा संघांना होतो, कारण पुढची फळी थकली की ती बदलता येते.

उष्णता हा दुसरा मुद्दा. २०२५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत झालेल्या क्लब विश्वचषकात सिनसिनाटीत इतकं ऊन होतं, की बोरुसिया डॉर्टमुंडच्या राखीव खेळाडूंनी पहिला अर्धा सामना ड्रेसिंग रूममध्ये बसून पाहिला. अशा हवेत प्रत्येक वेळी झडप घालणं शक्य नसतं. कधी घालायची आणि कधी सोडून द्यायची, ही निवड करावीच लागते.

तिसरी किंमत मागच्या मोकळ्या जागेची. लुईस एन्रिके यांच्या पॅरिस सेंट जर्मेनने ३१ मे २०२५ रोजी इंटर मिलानला ५-० ने हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली, तेव्हा त्यांच्या दडपणाचं जगभर कौतुक झालं. दीड महिन्याच्या आत, १३ जुलैला क्लब विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात चेल्सीने त्याच संघाला ३-० ने हरवलं. चेल्सीने मधल्या फळीतून रेटण्याऐवजी पॅरिसच्या मागच्या जागेत लांब पास टाकले. पहिल्या गोलची सुरुवातच गोलरक्षक रॉबर्ट सांचेझच्या लांब पासने झाली.

हान्सी फ्लिक यांच्या बार्सिलोनाचंही तसंच झालं. बचावफळी खूप पुढे ठेवून त्यांनी २०२४-२५ ची ला लिगा जिंकली. पण चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत इंटरने दोन सामन्यांत मिळून त्यांना ७-६ असं हरवलं.

भारतात याचा संबंध कुठे येतो?

भारतीय फुटबॉलमध्ये ही शैली मुख्यतः परदेशी प्रशिक्षकांसोबत आली. बार्सिलोनात काम केलेले सर्जिओ लोबेरा २०१७ ते २०२० या काळात एफसी गोवाचे प्रशिक्षक होते. चेंडू ताब्यात ठेवून आक्रमक खेळणारा संघ अशी गोव्याची ओळख तेव्हा तयार झाली. २०१९-२० च्या हंगामाअखेरीस एफसी गोवा हा एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीसाठी पात्र ठरलेला पहिला भारतीय क्लब झाला. पुढे लोबेरा मुंबई सिटीत गेले आणि २०२०-२१ मध्ये त्या संघाने लीग शील्ड आणि आयएसएल करंडक दोन्ही जिंकले. गार्डिओला यांचा मँचेस्टर सिटी ज्या सिटी फुटबॉल ग्रुपचा भाग आहे, त्याच समूहाने २०१९ मध्ये मुंबई सिटीत बहुसंख्य हिस्सा घेतला होता.

पण आशियाच्या पातळीवर गेलं की चित्र बदलतं. २०२१ मध्ये फातोर्ड्याच्या मैदानावर एफसी गोवाने कतारच्या अल रय्यानला ०-० असं रोखलं, तेव्हा चेंडूशिवायचा शिस्तबद्ध खेळही तितकाच कामाला आला. देशात झडप घालणाऱ्या संघाला देशाबाहेर मागे हटायलाही यावं लागतं.

पुढची मॅच बघताना काय पाहाल?

टीव्हीवर कॅमेरा चेंडूमागे फिरतो, त्यामुळे ही सगळी हालचाल सहज नजरेतून सुटते. तरी तीन गोष्टी लक्ष देऊन पाहता येतील.

- चेंडू गेल्यावर पहिली प्रतिक्रिया काय होते? खेळाडू पंचांकडे हात वर करून दाद मागतो, डोक्याला हात लावतो, की लगेच धावतो? दाद मागण्यात गेलेली दोन सेकंदं पुन्हा मिळत नाहीत.

- दुसरा आणि तिसरा खेळाडू काय करतात? पहिला झेपावला आणि बाकीचे पाहत राहिले, तर समोरचा संघ एका पासमध्ये सुटतो.

- हल्ला सुरू असताना मागे कोण आहे? कॉर्नरच्या वेळी मैदानाच्या मध्यरेषेजवळ किती जण थांबलेत, हे मोजा.

आकडेवारीची आवड असेल, तर ‘पीपीडीए’ हा शब्द लक्षात ठेवा. समोरच्या संघाला टॅकल, फाउल किंवा पास अडवणं यांसारखी एक बचावात्मक कृती करण्याआधी सरासरी किती पास देऊ दिले, हे त्यातून कळतं. आकडा जितका कमी, तितकं दडपण जास्त. मात्र कमी आकडा म्हणजे चांगला संघ, असा अर्थ लगेच काढू नये. मोरोक्कोने स्पेनला हवे तेवढे पास देऊ दिले आणि स्पर्धेतून बाहेर काढलं.

२०२२ मध्ये जपान कतारला पोहोचला. तिथे स्पेनविरुद्ध त्यांच्याकडे चेंडू १८ टक्क्यांपेक्षाही कमी वेळ होता. बराच वेळ ते मागे थांबले. पण दुसऱ्या अर्धाची सुरुवात होताच ते थेट स्पेनच्या गोलजवळ चढून गेले, गोलरक्षकापर्यंत दडपण नेलं, चेंडू हिसकावला आणि रित्सू डोआनने बरोबरीचा गोल केला. जपान २-१ ने जिंकला आणि गटात पहिला आला. बाद फेरीत क्रोएशियाने त्यांना पेनल्टीवर हरवलं, म्हणजे उपांत्यपूर्व फेरी तेव्हाही हुकली. पण कधी थांबायचं आणि कधी तुटून पडायचं, हे या वेळी सगळ्या अकरा जणांना ठाऊक होतं.